‘पांडाज १.० किंवा पुढचं’ असं लिहून मोकळं होण्याआधी: ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये किमान व्हर्जन कसं ठरवायचं

मी एक छोटीशी पायथन लायब्ररी सांभाळतो. पर्जन्यमापकाच्या नोंदींच्या सीएसव्ही फायली वाचायच्या, राहून गेलेले दिवस शोधायचे, महिन्याची बेरीज करायची, एवढंच तिचं काम, आणि ते ती पांडाज या तक्त्यातला डेटा हाताळायच्या लायब्ररीच्या जोरावर करते. वापरणारे मोजके, त्यातले बरेचसे विद्यार्थी. एक दिवस एका मुलाचा इश्यू, म्हणजे तक्रार, आला की इन्स्टॉल मस्त झालं, एकही एरर नाही, आणि पहिलीच फाईल उघडायला गेलो तर म्हणतंय डेटाफ्रेमला (पांडाजच्या तक्त्याला) ‘मॅप’ नावाचं काही नाहीच.

मशीन कॉलेजच्या लॅबमधलं, उबंटू २२.०४, त्यात आधीपासून पांडाज १.३.५ बसवलेलं. आणि कोणत्या लायब्ररी लागतात ते सांगणाऱ्या माझ्या फाईलमध्ये लिहिलेलं: पांडाज >= १.०. हा १.० आला कुठून म्हणाल तर दुसऱ्या एका प्रोजेक्टमधून फाईल कॉपी केली होती, त्यातून. डेटाफ्रेमवरचं मॅप आलं पांडाज २.१ मध्ये, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याआधी त्याला अ‍ॅप्लायमॅप म्हणायचे. पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) बघितलं की १.३.५ हे १.० पेक्षा मोठं आहे, म्हणजे अट पुरी झाली, आणि ते पुढे गेलं. मी तिथे २.१ लिहिलं असतं तर पिपने आपणहून नवीन पांडाज आणून बसवलं असतं आणि त्या मुलाला काही कळलंही नसतं.

माझ्या टेस्ट मात्र वर्षभर हिरव्यागार होत्या, कारण सीआय, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणारं यंत्र, दर वेळी कोरं मशीन घेतं आणि सगळं ताज्यातलं ताजं बसवतं. खालचा आकडा खरा आहे का हे कोणी कधी तपासतच नाही. म्हणून हा लेख. उदाहरणं पायथनची आहेत कारण मला तेच येतं. आणि हो, इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचं.

काय काय हाताशी हवं

- प्रोजेक्टची पायप्रोजेक्ट-टॉमल फाईल, लागणाऱ्या लायब्ररी जिथे लिहितात ती (जुना प्रोजेक्ट असेल तर सेटअप-पाय, पण मग आधी नवीन पद्धतीवर या)
- थोड्याफार तरी टेस्ट. टेस्ट नसतील तर खालची सहावी पायरी करताच येणार नाही
- यूव्ही (पिपचंच काम करणारं दुसरं हत्यार), किंवा नुसतं पिप चालेल पण मेहनत जास्त
- दोन पायथन, एक जुनं एक नवं. यूव्ही असेल तर ते आणून देतं
- प्रत्येक लायब्ररीचं पायपीआयवरचं (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरचं) रिलीज हिस्टरीचं पान, तारखांसाठी
- डेबियन आणि उबंटू या लिनक्सांच्या पॅकेज शोधायच्या पानांवर एक चक्कर
- एक मोकळी संध्याकाळ

१. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

नवीन माणसं इथेच घोळ घालतात, मीही घातला. किमान व्हर्जन म्हणजे ‘याच्या खाली चालणार नाही’. लॉक फाईल म्हणजे ‘माझ्या मशीनवर आज नेमकं हे होतं’. आणि वरची मर्यादा म्हणजे ‘याच्या पुढे जाऊ नका’. तुम्ही वेबसाईट किंवा अ‍ॅप चालवत असाल तर लॉक फाईल हवीच, पण तुम्ही लायब्ररी लिहिताय, जी दुसऱ्याच्या घरात दहा इतर लायब्ररींबरोबर नांदणार आहे, तर तिथे == लावून नेमकं व्हर्जन मागितलंत की भांडण ठरलेलं. तुम्ही म्हणणार २.१.४ च, शेजारचा म्हणणार २.२.०, आणि पिपने २०२० च्या शेवटी २०.३ मध्ये नवा रिझॉल्व्हर (सगळ्यांच्या अटी जुळवून व्हर्जन निवडणारा भाग) आणल्यापासून ते असला तंटा मिटवत बसत नाही, सरळ एरर देऊन थांबतं.

२. यादी करा, पण फक्त तुम्ही स्वतः इम्पोर्ट करता त्यांचीच

सगळ्या फायलींमध्ये ‘इम्पोर्ट’ शोधा आणि कागदावर नावं काढा. पिप फ्रीझचं आउटपुट (बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी) चिकटवू नका, त्यात डिपेंडन्सीच्या (तुम्हाला लागणाऱ्या लायब्ररींच्या) डिपेंडन्सी येतात आणि त्यांचं ओझं फुकट तुमच्या डोक्यावर.

उलटी चूकही तितकीच वाईट. मी पायटीझेड (टाइमझोनची लायब्ररी) इम्पोर्ट करत होतो पण यादीत लिहिलं नव्हतं, कारण पांडाजबरोबर ते येतंच ना! पांडाज ३.० मध्ये पायटीझेड सक्तीचं राहिलं नाही. तुम्ही वापरता ना, मग तुम्हीच लिहा.

इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव वेगळं असू शकतं हेही बघा: एसकेलर्न म्हणजे सायकिट-लर्न, पीआयएल म्हणजे पिलो, यॅमल म्हणजे पाययॅमल. आणि जे फक्त एका कोपऱ्यातल्या फीचरला लागतं, माझ्याकडे नकाशे काढायचं काम होतं, ते ऐच्छिक गटात टाका.

३. पायथनचं किमान व्हर्जन आधी, बाकी नंतर

लायब्ररींचे आकडे पायथनवर अवलंबून असतात, त्यामुळे सुरुवात इथून. वेळापत्रक सोपं आहे: ३.९ पासून दर ऑक्टोबरात एक नवीन पायथन येतं आणि ते पाच वर्षं जगतं. ३.९ आलं ऑक्टोबर २०२० मध्ये, संपलं ऑक्टोबर २०२५ मध्ये. ३.१० ऑक्टोबर २०२१, ३.११ ऑक्टोबर २०२२, ३.१२ ऑक्टोबर २०२३, असंच पुढे.

पाचही वर्षं सांभाळायची का? सायंटिफिक पायथनवाल्या मंडळींचा एक ठराव आहे, स्पेक शून्य नावाचा, तो म्हणतो पायथनचं व्हर्जन तीन वर्षांनी सोडा आणि नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी, पांडाज तिच्यावरच उभं आहे), पांडाज वगैरे मुख्य लायब्ररींची व्हर्जनं दोन वर्षांनी. त्याच्या आधी नमपायचा नेप २९ होता, २०१९ चा, त्यात पायथनसाठी ४२ महिने आणि नमपायसाठी २४ महिने असा हिशेब होता. मला या ठरावांचं सगळ्यात आवडतं काय तर वादच संपतो. ‘माझ्याकडे अजून जुनं आहे, का सोडता?’ असं कोणी विचारलं तर तारीख दाखवायची, त्यात मेंटेनरचा मूड, कोणाचा आवाज मोठा, असलं काही येत नाही.

हे लिहायचं ‘रिक्वायर्स-पायथन’ या ओळीत, उदाहरणार्थ >= ३.११. नवशिक्यांना वाटतं की हा आकडा वाढवला की जुन्या पायथनवाल्यांचं सगळं बंद पडणार. तसं होत नाही. पिप ९.० पासून ही ओळ वाचतं आणि जुन्या पायथनवर असलेल्या माणसाला आपोआप तुमचं असं जुनं रिलीज देतं जे त्याच्याकडे चालतं. त्याला नवीन फीचर मिळत नाहीत, एवढंच.

पण याच सोयीमुळे इथे एक भलामोठा खड्डा आहे. या ओळीत वरची मर्यादा, म्हणजे ‘< ३.१३’ वगैरे, टाकू नका. का ते बघा: तुम्ही आजच्या रिलीजला मर्यादा घातली, ३.१३ वाला माणूस आला, पिपने बघितलं की हे चालत नाही, मग ते मागे मागे जात तुमचं असं एखादं दोन वर्षांपूर्वीचं रिलीज शोधतं ज्यात ही मर्यादा नव्हती, आणि तेच बसवतं. म्हणजे सगळ्यात नव्या पायथनवर तुमचा सगळ्यात जुना कोड. ‘चालत नाही’ असा सरळ निरोप मिळाला असता तर बरं, अशी पाळी येते.

४. आता लायब्ररींचे आकडे, तीन चाळण्यांतून

पहिली चाळणी तारखेची. समजा तुमचं रिलीज डिसेंबर २०२५ चं. स्पेक शून्यच्या दोन वर्षांच्या हिशेबाने नमपाय १.२६ (सप्टेंबर २०२३) बाहेर, २.० (जून २०२४) आत. पांडाज २.१ (ऑगस्ट २०२३) बाहेर, २.२ (जानेवारी २०२४) आत. तीन वर्षांच्या हिशेबाने पायथन ३.११ पण बाहेर.

दुसरी चाळणी लोकांची. तुमचे वापरणारे कुठे आहेत? माझे लॅबमध्ये, आणि लॅबमधली मशीन एलटीएसवर (बरीच वर्षं सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर) असतात, ती बदलायला कोणाला वेळ नसतो आणि पासवर्ड एकाच सरांकडे असतो. उबंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२, नमपाय १.२६.४, पांडाज २.१.४. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११, नमपाय १.२४.२, पांडाज १.५.३. म्हणजे स्पेक शून्य शब्दशः पाळलं तर उबंटू २४.०४ वर जे आहे तेही मी नाकारणार, आणि हे मला पटेना. ठराव कमीत कमी किती ओझं घ्यायचं ते सांगतो, त्यापेक्षा थोडं जास्त सांभाळायला कोणी मनाई केलेली नाही.

तिसरी चाळणी तुमच्या कोडची. तुम्ही काय वापरता आणि ते कधी आलं? दोन्ही लायब्ररींच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फंक्शनखाली ‘या व्हर्जनमध्ये आलं’ अशी ओळ बऱ्याचदा असते. मला डेटाफ्रेमचं मॅप हवं होतं, म्हणजे २.१. अ‍ॅप्लायमॅपवर परत जाऊन १.५.३ सांभाळता आलं असतं, पण ते नाव २.१ पासूनच डेप्रिकेट झालंय (म्हणजे ‘हे वापरू नका, पुढे काढणार’) आणि दोन्ही रस्ते ठेवायचे म्हणजे कोडभर इफ-एल्स. नको.

शेवटी मी ठरवलं: पायथन ३.११, नमपाय १.२६, पांडाज २.१. डेबियन १२ वाल्यांनी व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमपासून वेगळी, लायब्ररी बसवायची जागा) करावं, त्यांचं पायथन चालतंय. तुमचं उत्तर वेगळं येईल, पण का आलं ते एका ओळीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

आकडे एकेकटे ठरवू नका, संच म्हणून बघा, ही या पायरीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नमपाय २.० ने बायनरी सुसंगती मोडली, म्हणजे जुन्या नमपायवर कंपाइल केलेला कोड त्याच्याबरोबर चालेना, आणि पांडाज २.२.२ हे नमपाय २.० बरोबर चालणारं पहिलं व्हर्जन. म्हणजे पांडाज २.१.० आणि नमपाय २ एकत्र आले की इम्पोर्ट करतानाच ‘नमपाय डीटाइपचा साइझ बदललाय’ अशी किंकाळी ऐकू येते. तसंच नमपायची तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) पायथन ३.१२ साठी १.२६ पासूनच आहेत आणि ३.११ साठी १.२३.२ पासून. त्याच्या खालचं मागितलंत तर पिप सोर्समधून कंपाइल करायला बसतं, पंखा फिरायला लागतो आणि दहा मिनिटांनी न कळणारी एरर.

५. फाईलमध्ये लिहिताना

साधं लिहा: नमपाय >= १.२६, पांडाज >= २.१. मधलं एखादंच व्हर्जन बिघडलेलं असेल तर != ने तेवढं वगळा.

~= या चिन्हापासून जपून. ~= २.१ म्हणजे २.१ पासून ३ च्या आत काहीही. पण ~= २.१.० लिहिलंत तर २.२ सुद्धा चालणार नाही. एका शून्याने अर्थ पूर्ण बदलतो, आणि रिव्ह्यू करताना ते शून्य कोणाच्याही नजरेत भरत नाही.

हाच आकडा रीडमीमध्ये असतो, इन्स्टॉलच्या पानावर असतो, कोंडा-फोर्ज या दुसऱ्या पॅकेज भांडाराच्या रेसिपीत असतो, सीआयमध्ये असतो. एका ठिकाणी बदलला आणि तीन ठिकाणी राहिला असं होतंच. सायकिट-लर्नमध्ये यासाठी सगळे किमान आकडे एकाच पायथन फाईलमध्ये ठेवतात आणि बाकीच्यांनी तिथून घ्यायचे. छोट्या प्रोजेक्टला एवढं नको, मी रीडमीमधून आकडे काढूनच टाकले आणि ‘पायप्रोजेक्ट फाईल बघा’ लिहिलं.

६. खरंच चालतं का बघा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका.

नवीन एन्व्हायर्नमेंट करा, तुमच्या किमान पायथनचं, माझ्या बाबतीत ३.११. मग यूव्ही पिप इन्स्टॉल चालवताना ‘रिझोल्यूशन’ या पर्यायाला ‘लोएस्ट-डायरेक्ट’ अशी किंमत द्या. याचा अर्थ तुम्ही स्वतः लिहिलेल्या डिपेंडन्सी सगळ्यात खालच्या आणि त्यांच्या पोटातल्या नेहमीसारख्या ताज्या. नुसतं ‘लोएस्ट’ पण मिळतं, पण त्यात पोटातल्या पण खालच्या येतात, आणि त्यांच्या मेंटेनरांनी आपल्यासारखेच अंदाजे आकडे लिहिलेले असतात, मग पुराणकाळातली पॅकेजं कंपाइल होत बसतात आणि चूक तुमची नसून रात्र तुमची जाते.

मग टेस्ट चालवा. पहिल्या वेळी फुटणार हे धरून चाला.

माझ्याकडे पहिल्यांदा फुटलं ते पायटेस्टच! टेस्टच्या गटात मी नुसतं ‘पायटेस्ट’ लिहिलं होतं, आकडा नाही, तर सगळ्यात खालचं मागितल्यावर ते शोधत शोधत थेट तळाला गेलं. टेस्टच्या हत्यारांनाही किमान आकडा द्या किंवा ती वेगळ्या कमांडने नेहमीसारखी बसवा.

दुसऱ्यांदा फुटलं ते पांडाज २.१ चं नाही, नमपायचं, कारण नमपाय मी यादीत लिहिलंच नव्हतं, पांडाजच्या पोटात येतं म्हणून. मग पांडाज आलं २.१.० आणि नमपाय आलं ताजं, आणि वर सांगितलेली ती किंकाळी. नमपाय मी स्वतः इम्पोर्ट करत होतोच, म्हणजे दुसऱ्या पायरीतली चूक इथे येऊन पकडली गेली.

२.१ लिहिलं म्हणजे २.१.० वर टेस्ट करायची, २.१.४ वर नाही, हेही ध्यानात ठेवा. कधीकधी .० मध्ये बग असतो आणि तुमच्या टेस्ट त्यावरच आपटतात, तर बिनधास्त किमान २.१.१ करा, त्यात कमीपणा नाही.

एखादी टेस्ट खालच्या व्हर्जनवर पडली तर दोनच रस्ते: कोड बदला किंवा आकडा वाढवा. टेस्ट स्किप करणं हा तिसरा रस्ता सगळ्यांना दिसतो.

यूव्ही नको असेल तर एक कन्स्ट्रेंट्स फाईल करा, त्यात सगळ्यांचे किमान आकडे == लावून लिहा आणि पिपला वजा-सी देऊन ती दाखवा. इथे == चालतं कारण ही फाईल फक्त टेस्टसाठी आहे. मॅटप्लॉटलिबवाले अशीच फाईल ठेवतात.

७. सीआयमध्ये दोन टोकं बांधा

प्रत्येक पायथन गुणिले प्रत्येक नमपाय असं मोठं कोष्टक करू नका, त्यात सीआयचे मिनिट संपतात. एक जॉब किमानचा: जुनं पायथन, लोएस्ट-डायरेक्ट. एक जॉब ताज्याचा: नवं पायथन, सगळं नवं. मधलं वाटल्यास एखादं. ताज्याचा जॉब दर आठवड्याला आपोआप चालेल असं करा, कारण तुम्ही काही बदललं नाही तरी जग बदलतं.

गिटहब अ‍ॅक्शन्सच्या यॅमलमध्ये (सीआयच्या सेटिंग फाईलमध्ये) पायथन ३.१० लिहायचं तर अवतरण चिन्हात लिहा. नाहीतर यॅमल त्याला दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गळतं, आणि ते पायथन ३.१ शोधत बसतं. ३.९ पर्यंत कोणाला हे कळलंच नव्हतं, ३.१० आलं आणि सगळीकडे बोंब झाली.

आणि जॉबच्या शेवटी बसलेल्या लायब्ररींची व्हर्जनं प्रिंट करा. माझा ‘किमान’ नावाचा जॉब दोन महिने हिरवा होता, मला अभिमान वाटत होता, आणि मग कळलं की त्यात नंतरची एक ओळ कागदपत्रं तयार करायची हत्यारं बसवताना पांडाजला गुपचूप अपग्रेड करत होती. तेव्हापासून टेस्टच्या आधी एक छोटी तपासणी आहे: पांडाज २.१.० नसेल तर जॉब तिथेच पाड.

८. आकडा वाढवायची वेळ येते तेव्हा

शेवटचा आकडा बदलणाऱ्या रिलीजमध्ये, म्हणजे १.४.२ चं १.४.३ करताना, किमान व्हर्जन वाढवू नका. लोक ते डोळे झाकून घेतात. १.५.० मध्ये करा, चेंजलॉगमध्ये पहिल्याच ओळीत लिहा, आणि ती पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलांचा प्रस्ताव) वेगळी ठेवा, त्यात दुसरं काही घुसवू नका. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये जुन्या व्हर्जनसाठी ठेवलेले इफ-एल्स काढा. मला तर आकडा वाढवण्याचं खरं सुख यातच मिळतं, दीडशे ओळी उडाल्या की घर झाडल्यासारखं वाटतं.

ऐच्छिक लायब्ररींचं व्हर्जन कोड चालताना तपासत असाल तर अक्षरांची तुलना करू नका. अक्षरांच्या हिशेबाने ‘१.१०’ हे ‘१.९’ पेक्षा लहान ठरतं. त्यासाठी पॅकेजिंग नावाची लायब्ररी आहे, तिचा व्हर्जन क्लास वापरा.

आणि चुकीचा आकडा आधीच रिलीज झाला असेल तर, माझ्यासारखा? पायपीआयवर गेलेल्या रिलीजचा मेटाडेटा (त्यातले हे आकडे वगैरे) नंतर बदलता येत नाही. दुरुस्त आकड्याचं नवीन रिलीज काढायचं, शेवटचा आकडा वाढवून. इथे मात्र ते चालतं, कारण तुम्ही आधार काढून घेत नाही, जो नव्हताच तो नाही म्हणून सांगताय. जुनं रिलीज कोणाकडेच चालत नसेल तर ते यँक करा, म्हणजे नेमकं तेच मागणाऱ्यालाच मिळेल, बाकीच्यांना नाही. काहींकडे चालत असेल तर राहू द्या. कोंडा-फोर्जवर मात्र जुन्या पॅकेजचा मेटाडेटा मागाहून पॅच करता येतो, तिथे तशी विनंती टाका.

लॅबमधल्या त्या मुलाला मी त्याच संध्याकाळी पांडाजचा आकडा दुरुस्त केलेलं नवं रिलीज काढून दिलं. त्याने उत्तरात अंगठा टाकला आणि पुढचा इश्यू उघडला: लॅबमध्ये अजून एक मशीन आहे, उबंटू २०.०४, पायथन ३.८. त्याला सांगितलं की तिथे पिप तुला आपोआप जुनं रिलीज देईल, त्यात नकाशे नाहीत, पण महिन्याची बेरीज बरोबर येते.